हलक्या चापाचं पिस्तूल

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की जालन्यातली ती दुपार आठवते. नेमबाजीच्या सरांनी त्याच तेलानं पुसलेली पॉइंट टू-टूची दोन पिस्तुलं समोर ठेवली. जिल्हा संघात एकच जागा उरली होती. जड चापाच्या पिस्तुलानं माझ्या पाचही गोळ्या कागदभर विखुरल्या. हलक्या चापाच्यानं पाचही काळ्या वर्तुळात बसवल्या.

“हेच घे पोरी, जागा तुझी.”

“सर, मी चारच मारल्या. पाचवी मी मारली न्हाई, बोट टेकताच सुटली.”

“मंग काय भुतानं मारली?”

पाचही गोळ्या सुटून पिस्तूल रिकामं होतं. चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली मी, आपल्या हातून झालेल्याचा जाब आपणच द्यायचा असं मानणारी. मी जड पिस्तूल उचललं आणि जागा गेली.

तेव्हा मला ते तत्त्व वाटलं होतं. आज वाटतं, मी न ठरवता सुटलेल्या त्या गोळीला भ्याले होते. ती पाचवी गोळी बरोबर मधोमध होती.