मोडकं बोल, पण बोल

तिडके मॅडम वर्गात प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. पुन्हा विचारायच्या नाहीत, उत्तर सुचवायच्या नाहीत. सुरुवातीला मुख्याध्यापकांना वाटलं, बाई पुढचं विसरल्या. त्यांनी तसं विचारलंही. मॅडम म्हणाल्या, "सर, पोराच्या डोक्यात आदी मराठी यतं, मग इंग्रजी यतं. तेवढा वेळ तर द्या त्याला."

आमची शाळा दिंद्रुडच्या पुढे, कापसाच्या आणि उसाच्या रानांत. मी मराठी शिकवायचे, त्या इंग्रजी. आमचे वर्ग शेजारी-शेजारी, मध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकू यायचा. इंग्रजीचा तास म्हटला की वाचन, भाषांतर आणि प्रश्नोत्तरं उतरवून घेणं, अशी आम्हा सगळ्यांचीच सवय. मॅडमच्या वर्गात मात्र दणदणाट चाले. "रिमूव्ह युअर बॅग!" म्हटलं की पोरं पाठीवरची दप्तरं काढत. "रिमूव्ह युअर चप्पल!" म्हटलं की सगळा वर्ग हसत अनवाणी होई. "हात-पाय हालले की जीभ हालती," असं त्या म्हणायच्या.

आधी शेजारच्याशी मराठीत बोलायचं, मग दोघांनी मिळून इंग्रजीत सांगायचं. शब्द अडला तर चित्र काढायचं. समोरच्याचा शब्द कळला नाही तर त्याला चित्र काढायला लावायचं. कुणी चुकलं आणि बाकीचे हसले की मॅडम हसणाऱ्यालाच उभं करत. "कामून हसतो रे? त्यानं तोंड तरी उघडलं, तू काय उघडलंस?" आणि चुकलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "मोडकं बोल, पण बोल."

आमच्याकडची निम्मी पोरं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तोवर पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं. मॅडम अशा पोरांना मागं पडलेली म्हणत नसत. आल्या आल्या त्यांना फळ्यापाशी बोलवायच्या. "उसाच्या फडावर काय बगितलं ते सांग. आदी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत." शेजारी एखादी हुशार पोरगी मदतीला असायची.

त्या वर्षी नववीतली अर्चना अशीच फळ्यापाशी उभी राहिली. माझा तास मोकळा होता, मी मागच्या बाकावर पेपर तपासत बसले होते. अर्चना सांगू लागली आणि माझा पेन थांबला.

ती आणि तिचे आई-बाप कर्नाटकात एका साखर कारखान्यावर तोडीला गेले होते. तिथे तिच्या आईच्या पोटात कळा येऊ लागल्या. मुकादमाने तिला जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेऊन सोडलं. डॉक्टर नर्सशी कानडीत बोलत आणि दुसऱ्या डॉक्टरशी इंग्रजीत. आई खाटेवर, अर्चना पायथ्याशी. डॉक्टर म्हणाले, "रिमूव्ह द यूटेरस. टुमारो."

"यूटेरस मला म्हाईत नव्हतं," अर्चना म्हणाली. "पण रिमूव्ह म्हाईत होतं. मला वाटलं, आईचं कायतरी काढून टाकतेत. मी उठले अन् म्हणले, सर, रिमूव्ह व्हॉट?"

मागची पोरं नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकली.

"डॉक्टर परत म्हणले, यूटेरस. मग मी म्हणले, आय नॉट नो. यू ड्रॉ. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आई म्हणली, आगं, ही तर माझी पिशवी. पिशवी काढाय न्हाई आले मी. मग आमी तसंच उठून आलो."

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तपासलं तेव्हा कळलं की नुसती सूज होती. गोळ्यांनी तिची आई बरी झाली.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती आणि चेहरा पार उतरला होता. पोरीला शाबासकी द्यायचंही त्यांना सुचेना. "बस बाई," एवढंच म्हणाल्या आणि वर्ग सोडून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर बाईच्या शरीराची आकृती काढली. पोट, मूत्रपिंड, गर्भाशय, सगळ्याची नावं इंग्रजीत आणि मराठीत. खाली इंग्रजी वाक्यं आणि त्यांचे अर्थ: हे ऑपरेशन गरजेचं आहे का? न केल्यास काय होईल? मला समजेल असं सांगा. पोरं-पोरी जोड्या करून एकदा डॉक्टर होत, एकदा पेशंट.

गावात बोभाटा झाला. शाळेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, थेट शिक्षकांच्या खोलीत आले. अण्णा बागायतदार माणूस, त्यांच्यापुढे कुणी बसत नाही.

"मॅडम, पोरांम्होरं पिशवीची चित्रं काढता? इंग्रजी शिकवा म्हणलं तर हे काय लावलंय?"

"इंग्रजीच शिकवतेय, अण्णा."

"उद्यापासून बंद. न्हाईतर दुसरी शाळा बगा."

मॅडम उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. "अण्णा, मी एकवीस वर्षांची होते. मालकाबरोबर तोडीला गेलते. पोटातलं लेकरू पडलं, म्हणून दवाखान्यात नेलं. माझी पिशवी काढली. मला कुणी सांगितलं न्हाई. दुसऱ्या डॉक्टरकडून कळलं, तवर मालकानं दुसरी बायको केलती."

 सात-आठ वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो. मॅडमना मूलबाळ नाही, नवरा नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं आणि विचारायचं नाही एवढी रीत आम्ही पाळली होती.  अण्णा मागे वळले आणि निघून गेले. तास बंद करायचा निरोप पुन्हा आला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी फाट्यावर रिक्षाची वाट पाहत होतो.  मी विचारलं, "ऑपरेशनाआधी तुमच्या पुढ्यात ते डॉक्टर काहीच बोलले नाहीत का हो?"

"बोलले की. इंग्रजीत. मी शुद्धीवर होते. दोघं होते, एक म्हातारा, एक तरणा. तरणा सारखं म्हणत होता, नो नीड, सर, नो नीड. मला वाटलं, औषधाचं नाव हाय. मनात म्हणलं, द्या बाबा ते औषध."

 लांबून रिक्षाचा आवाज येऊ लागला. मॅडमनी पदर सावरला.

"शाळा सातवीत सुटलती. माहेरी आल्यावर दहावीला बाहेरून बसले. इंग्रजीच्या पुस्तकात एक दिवस नीड शब्द आला. म्होरं मराठी अर्थ लिवला होता, गरज."