गडग्यापलीकडचं बटण

मी पोटापाण्यासाठी मोबाइलवरची बटणं आखते. कुठलं बटण कुठे असावं, माणूस कुठे अडखळेल, कुठे वैतागून फोन आपटेल, हे आधीच ओळखायचं, हे माझं काम. आईला ते अजून पटलेलं नाही. "बटणां काढूक एवढां शिकलंस?" असं ती पाहुण्यांसमोरसुद्धा विचारते.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, तेव्हा मी पुण्यातलं काम लॅपटॉपसकट उचलून मालवणच्या घरी आले. त्यांना सगळं कळायचं, डावा हातही चालायचा, पण शब्द फुटायचा नाही. त्यात जेवण सुटलं. समोर पेज ठेवली की तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

म्हटलं, जगासाठी एवढी बटणं करतो, बापासाठी करूया की. आमच्या धंद्यात आधी कागदा-पुठ्ठ्याची खोटी वस्तू करतात. चुकली तर फाडायची आणि दुसरी करायची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी चित्रं काढली: पाणी, पंखा, दुखतंय, संडास. ती बाबांपुढे मांडली. यानंतर आपलं तोंड बंद ठेवायचं आणि हात कुठे जातो ते बघायचं, एवढाच नियम. पण आईला गप्प बसवायचं म्हणजे! "अहो, पाणी होया ना? ह्या बघा, ह्या!" म्हणत ती त्यांचं बोट धरून चित्रावर टेकवायची.

"आई, जरा गप ऱ्हव!" मी खेकसले.

बाबांनी एकाही चित्राला आपणहून हात लावला नाही. मग फोनवर बोलणारी बटणं करून पाहिली. फोनमधली बाई शुद्ध भाषेत म्हणाली, "मला पाणी हवे आहे," आणि घरात तलाठी शिरल्यासारखे बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला आधी हसू आलं, मग रडू.

एक गोष्ट मात्र रोज घडायची. ताट समोर आलं की त्यांचा डावा हात चित्रं ओलांडून खिडकीकडे जायचा. आम्ही दोघी शहाण्या! उन्हाची तिरीप लागत असेल म्हणून आईने खिडकी लावून टाकली. बाबांनी वाटी भिरकावली. पेज भिंतीभर.

भिंत पुसता पुसता आई एकदम थांबली. "गो, हयसूनच हे हाक मारीत!"

खिडकीबाहेर गडगा, म्हणजे चिऱ्यांचं बुटकं कुंपण, आणि पलीकडे शेजारच्या काकांचं अंगण. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. दुपारच्या पहिल्या घासाआधी बाबा ओरडायचे, "जेवलंस काय रे, मेल्या?" तिकडून शिवी यायची, मगच इकडे भातात हात. माझ्या जन्माआधीपासूनची ही रीत. रोजचंच म्हणून कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. आम्ही आपली मागायची बटणं करत बसलो होतो, आणि त्यांना विचारायचं होतं.

त्या हाकेचं चित्र लगेच झालं. पण आवाज कोणाचा घालायचा? काकांना मी 'मेल्या' कशी म्हणू? आईला विचारलं तर ती उसळलीच. "शिरा पडो त्या फोनार! मी भावोजींका मेल्या म्हणतलंय?"

शेवटी काकांकडेच गेले. म्हटलं, तुम्ही तरी हाक का मारत नाही?

"त्येका बोलूक येणा नाय," ते म्हणाले. "मी हाक मारून कशाक लाजवू?"

मग त्यांनी आपला फोन पुढे केला. ते मुंबईला मुलाकडे राहायला गेले होते, तेव्हा बाबांनी पाठवलेला आवाज त्यांनी पुसला नव्हता. त्यात दुसरं काय असणार? "जेवलंस काय रे, मेल्या?"

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी सताड उघडली. फोनवर एकच बटण ठेवलं होतं, पडदाभर. बाबांनी ते दाबलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. पलीकडे काहीच हललं नाही.

मग काका गरजले, "नाय रे, रांडेच्या! कधीपासून तुझी वाट बघतंय!"

बाबांनी ताट पुढे ओढलं. डाव्या हाताने, निम्मं सांडत, पण जेवायला लागले.

आई बघत उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघलंस? त्येका इचारतत. माका ह्या जन्मात कधी इचारल्यानी?"

बाबांचा हात थांबला. तो त्यांनी चादरीला पुसला, आणि आईकडे बघतच बटण पुन्हा दाबलं.

"जेवलंस काय रे, मेल्या?"

"जेवतंय मरे!" पलीकडून काका ओरडले.

"नाय," आई म्हणाली. "आता वाढून घेतंय."