मोनॅकोत न उघडलेला डबा

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, बसस्टॉपवर नातीने डबा उघडला आणि लसणाच्या चटणीच्या वासाने मी थेट मोनॅकोत पोचले. त्या चिमुकल्या देशात, सहलीत, भुकेल्या आमच्या ह्यांनी असाच डबा काढला होता.

"अहो, इथे नको! मॉन्टे कार्लो आहे हे!" मी जणू तिथली महाराणीच. खाली बंदराजवळ, ला कोंदामीन भागातल्या बाजारात लोक उभ्यानेच खात होते, तरी मी नकोच म्हटलं. वर जुन्या गावात राजवाडा आडवा आला; त्याच्यासमोर कसा डबा उघडायचा! शेवटी फॉन्व्हिएलला, बसच्या तळावर, मी परवानगी दिली.

"आता भूक मेली गं," हे म्हणाले. पुढे सहलीभर त्यांनी डबा काढलाच नाही.

"आजी, हॅव सम, इट्स ग्रँड!" नात म्हणाली.

भर रस्त्यात मी घास घेतला. लाज वाटत होतीच, पण चटणीची नव्हे.