आकडा नसलेलं मृत्युपत्र

मृत्युपत्र कसं करावं हे भोर-वेल्ह्याच्या गावागावांत समजावून सांगण्यात वकील सुप्रियाताईंची दहा वर्षं गेली होती. आपल्याला कुणी काही नवं सांगेल, असं त्यांना आता वाटतच नव्हतं. शहाण्या माणसाचं असंच होतं.

त्या दिवशी धनगरवस्तीच्या देवळात त्यांनी फळ्यावर नमुना लिहिला: ‘माझी बेचाळीस मेंढरं मी अमक्याला देते.’ समोर सोजराबाई बसल्या होत्या. माहेराहून मिळालेल्या दोन मेंढ्यांपासून म्हातारीनं कळप उभा केला होता. तिच्या माघारी तो विकून दुसरा टेम्पो घ्यायचा, असं सारोळ्याला टेम्पो चालवणारा थोरला मुलगा संपत आत्तापासूनच सांगत फिरत होता. कळपामागं रानोमाळ हिंडायची ती धाकट्या मुलाची विधवा कोमल. कळप तिलाच मिळावा, एवढ्या एका गोष्टीसाठी म्हातारीचा जीव तुटत होता.

“वकीलबाई, आज बेचाळीस हायेत. उद्या कोकरं हुतील, दोन लांडगा न्हील. म्या मरंस्तवर आकडा खरा ऱ्हाईल व्हय?”

“दरवर्षी नवीन कागद करायचा, आजी.”

“मग मेंढरं कुनी राखायची, तुमी?”

देऊळ हसून हसून लोळलं. ताईंचे कान तापले. पण बाई प्रामाणिक. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, “तुमची मेंढरं तुम्ही ओळखता कशी?”

“डाव्या कानाला दोन चिरा. आमच्या मेंढीच्या कोकराला बी त्याच. पंचक्रोशीत कुनाला बी इचारा.”

दहा वर्षांत हे आपल्याला सुचलं नाही, याची ताईंना लाज वाटली आणि आनंदही झाला. त्यांनी फळा पुसला.

आठवड्यानं भोरला ताईंच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमोर कागद वाचला गेला: ‘माझ्या मृत्यूच्या वेळी डाव्या कानाला दोन चिरा असलेली माझी जेवढी मेंढरं असतील, तेवढी सगळी सून कोमल हिला.’

संपत तावातावानं आला होता. “ह्यात आकडाच न्हाई! असला कागद चालतो व्हय?”

“चालतो,” ताई म्हणाल्या.

“आकडा लिवला असता, तर त्याच्यावरच तू भांडला असतास,” म्हातारी म्हणाली. कोमलनं डोळ्याला पदर लावला. म्हातारीनं ठसठशीत अंगठा उठवला, शाईचं बोट लुगड्याला पुसलं आणि ताईंकडं वळली.

“वकीलबाई, ह्यो नमुना आता समद्या वस्त्यांवर शिकवा. म्या तुमच्याकडनं फी घेनार न्हाई.”