साडूभाऊंची स्पॅनिश

आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका विचार करून शेवटी काहीही न करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. आळशी म्हणावं तर तसं मुळीच नाही. पहाटे उठून कामाला लागतात. फक्त त्यांचं काम म्हणजे ते काम करण्याची सर्वांत चांगली पद्धत शोधणं. पुंडलिकनगरच्या घरी कूलर घ्यायचं ठरलं, तेव्हा थंडी सरते न सरते तोच त्यांनी शहरातली दुकानं पालथी घालायला घेतली. कूलरचं गवत हुंगून पाहिलं, ओळखीच्यांच्या घरी जाऊन त्यांच्या कूलरसमोर दुपारची झोप काढून पाहिली. अखेर कूलर घरी आला त्या दिवशी ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, माळ्यावरून स्वेटर काढले होते. साडूभाऊ मूळचे सिल्लोडकडच्या शेतकरी घरातले. नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात केली, आणि तीही तयार झालेले सुटे भाग तपासून नापास करण्याची. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच नजर उरलेल्या जगाकडे वळवली. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा बघायलाही तेच आले होते, आणि मी पास कसा झालो हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक पल्लवी शिकायला म्हणून स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून राहिली. त्यांना एक मुलगी, माया. पल्लवी तिच्याशी मराठीत बोलायची, पण पोरगी उत्तर द्यायची ते स्पॅनिशमध्ये. एकदा व्हिडिओ कॉलवर मायानं आजोबांना काहीतरी लांबलचक विचारलं. पल्लवी नेमकी स्वयंपाकघरात होती. साडूभाऊ नुसते हसले. तिनं पुन्हा विचारलं, ते पुन्हा हसले. मग ती फोन टेबलावर ठेवून निघून गेली, आणि बराच वेळ साडूभाऊ तिकडचं छत बघत बसले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "पाव्हणं, पोरीनं कायतरी इचारलं अन् मी येड्यावानी हसलो. आता तिकडं जाऊन राहतो, भाषा शिकतो, अन् मग तिच्याशी बोलतो."

सहा महिन्यांसाठी साडूभाऊ आणि ताई दोघं गेले. एवढ्या मुदतीत माणूस भाषा शिकू शकतो, पण साडूभाऊंनी आधी भाषा शिकण्याची पद्धत शोधायला घेतली. मोबाईलवरच्या शिकवणीनं त्यांना पहिल्याच आठवड्यात हत्ती दूध पितो हे वाक्य शिकवलं. व्हॅलेन्सियात हे आपण कुणाला सांगणार, असा रास्त सवाल करून त्यांनी ती शिकवणी नापास केली. परदेशातून आलेल्यांसाठी एक वर्ग चालायचा, तिथे ते दोन दिवस बसले. पण तिथले सगळेच चुकीचं बोलतात, त्यांच्यात बसून आपली चूकच पक्की होणार, असं त्यांचं मत पडलं. घरातल्या वस्तूंवर नावं चिकटवायची पद्धत ताईंच्या मसाल्याच्या डब्यापर्यंत पोचली आणि तिथेच संपली. मग कुणीतरी सांगितलं, लोकांत मिसळा. म्हणून ते रोज चौकातल्या बाकावर तिथल्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसू लागले. म्हातारे एकाच वेळी बोलायचे आणि एकमेकांचं काही ऐकायचे नाहीत. हे एकटेच कान देऊन ऐकायचे, मान डोलवायचे. त्यामुळे तिथे त्यांचा भाव एवढा वाढला की भांडणं त्यांच्यापुढे येऊ लागली. ह्यांना भाषा येत नाही हे शेवटपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नाही.

आता गंमत अशी की ह्यांचा जावई परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवण्याचंच काम करतो. तेच त्याचं पोट. लांबलांबून लोक त्याच्याकडे शिकायला येतात, आणि साडूभाऊ त्याच्याच घरात राहून गावभर पद्धत शोधत हिंडत होते. पल्लवीनं वडिलांना परोपरीनं विनवलं. पण जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं, त्याला राबवायचं तर मुळीच नसतं, यावर साडूभाऊ ठाम. जावई खोलीत आला की हे अदबीनं उठून उभे राहायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, सासऱ्यांना बाहेर जायचंय. तो दार उघडून धरायचा आणि मग दोघं मुकाट्यानं गावाला फेरी मारून यायचे. दिवसातून तो जितक्यांदा खोलीत येई, तितक्यांदा फेरी. सासरे आपल्याकडून एक शब्द शिकायला तयार नाहीत, म्हणजे आपण त्यांना पसंत नाही, असा त्यानं मनाशी समज करून घेतला होता. ताई मला फोनवर हे सांगताना हसत होत्या, पण मला त्या पोराची दया आली.

मायाला मात्र आजोबांनी एक काम लावून दिलं होतं. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन ते आजची पद्धत का नापास झाली हे सविस्तर सांगायचे, अर्थातच सिल्लोडच्या मराठीत. पोरगी मन लावून ऐकायची. परतीच्या दिवशी विमानतळावर तिनं साडूभाऊंचा हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, हे बी नाय जमलं. लई इचार नका करू, दुसरं बघू." साडूभाऊ तिथेच बाकावर बसले आणि रडले.

परत आल्यावर त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास कायमचा बंद केला. तिकडे माया शाळेत जाऊ लागली. दर रविवारच्या फोनवर तिची मराठी झिजत चाललेली आम्हाला ऐकू यायची. आधी तिचं 'लई' गेलं, मग 'नाय' गेलं. एका रविवारी तिनं पुन्हा काहीतरी लांबलचक स्पॅनिशमध्ये विचारलं, साडूभाऊ पुन्हा हसले, आणि पुन्हा तेच छत दिसलं. त्या संध्याकाळी त्यांनी जावयाला फोन लावला आणि पल्लवीला मध्ये घालून सांगितलं, "जावईबापू, माझं चुकलं. मला शिकवा."

आता रोज संध्याकाळी, तिकडे दुपारी जावई जेवायला घरी आला की शिकवणी असते. फोन फ्रिजला टेकवून साडूभाऊ त्याच्यासमोर हात बांधून उभे राहतात, कारण जावई तो जावईच. ते उभे म्हणून हल्ली जावईही तिकडे उभ्यानंच शिकवतो. यात पद्धत कोणती, असं मी विचारलं, तर म्हणाले, पद्धत कसली, तो म्हणतो अन् मी त्याच्या मागून म्हणतो.

परवाच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होतो. फोनवर मायानं पुन्हा काहीतरी लांबलचक विचारलं. साडूभाऊ हसले नाहीत. थांबून, एकेक शब्द जुळवून त्यांनी उत्तर दिलं. ती खूश होऊन ओरडली आणि पळाली. काय विचारत होती, मी म्हटलं.

"कधी येणार, म्हणती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"लवकर येतो म्हणलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कळत नव्हतं तवा बरं होतं, पाव्हणं. हसून भागायचं."

ताईंनी चहा आणून ठेवला. साडूभाऊंनी फोन चार्जिंगला लावला, कारण संध्याकाळी शिकवणी होती.