आप्पांच्या शेजारचं पान

धोटाआत्याला बसून पेपर वाचताना मी कधी पाहिलं नाही. हातात चहा, डोळे पेपरात आणि पाय सारखे हलते. लूममधला धोटा इकडून तिकडे पळतो तशी ती दिवसभर भिवंडीभर पळायची, म्हणून घरात हे नाव पडलं. "जरा टेक की," म्हटलं तर म्हणायची, "धोटा टेकला तर कापड कसं व्हायचं रे?"

सर्वपित्रीला आमच्या गच्चीवर पितरांची पानं मांडतात. त्यात आप्पांच्या आईचं पान नसायचं. आप्पा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. ते लहान असताना त्यांची आई नवऱ्याला सोडून पळाली, ते पेपरातसुद्धा आलं होतं, असं घरात सांगत. आप्पांनी जन्मभर आईचं नाव काढलं नाही. ते गेल्यावर आत्याने आपल्या या आजीच्या पानाचा विषय काढला, तर माझे बाबा भडकलेच. "पळालेल्या बाईचं पान मांडत न्हाईत. छापून आलंय ते काय खोटं हाय?"

"वाचलंय कुणी?" आत्याने विचारलं.

खरंच, कुणीच वाचलं नव्हतं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून आत्याच्या वाचनालयात चकरा सुरू. तिथे जुन्या स्थानिक साप्ताहिकांचे गठ्ठे होते. तेही ती उभ्यानेच चाळायची. घरी यायची ती शिंकत, आणि वज्रेश्वरीच्या जत्रेत कुणाचा बैल हरवला होता ते सांगत. तोवर इकडे भाजी करपलेली.

शेवटी नोटीस सापडली. 'माझी बायको कोणास न सांगता घरातून निघून गेली आहे. तिच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही.' खाली पणजोबांचं नाव.

"बघ, म्हटलं न्हवतं?" बाबा म्हणाले. आत्या त्या रात्री जेवली नाही. मला वाटलं, संपलं आता. सकाळी बघतो तर बाई चपला घालून दारात!

"एवढं वाचून माझी आजी गप बसली असंल? मग मी कुणावर गेले?"

आणि एक दिवस आत्या दुपारीच घरी आली आणि उंबऱ्यावर बसली. ती बसली म्हणून मी घाबरलो. तिने छायाप्रत पुढे केली. पुढच्याच महिन्याच्या एका अंकात उत्तर होतं. 'मी पळालेली नाही. घरात दुसरी आणून मला बाहेर काढले. मी खारबावास भावाकडे आहे. माझा मुलगा मला एकदा तरी भेटवावा.'

"आप्पा हे न वाचताच गेले रे," म्हणाली आणि मोठ्याने रडली. आप्पांना कुणी तिकडे नेलं नव्हतं. खारबाव काय, हाकेच्या अंतरावर!

बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि ते बाहेर गेले. सर्वपित्रीला मात्र त्यांनीच एक जादा पान आणलं आणि रांगेच्या टोकाला ठेवलं. आत्याने ते उचललं.

"तिकडं न्हाय. आप्पांच्या शेजारी. आणि मध्ये जागा सोडू नको."

आत्या गेल्यापासून पानं मी मांडतो. तिची फार आठवण येते त्या दिवशी. ती दोन पानं मी अगदी चिकटवून ठेवतो. आत्याचं पान कुठेही ठेवलं तरी चालतं. ती थोडीच एका जागी बसणार आहे!