‘गरीब’चा तिसरा अर्थ

छापखान्यातले लोक त्यांना तोंडावर काका आणि पाठीमागे शंकासुर म्हणत. तीस वर्षं शब्दकोशाची मुद्रितं तपासल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? शेजाऱ्यानं सहज ‘बरं आहे ना?’ विचारलं, तरी याला काय हवं असेल, असा विचार काका जिना चढेपर्यंत करत.

लेकीच्या लग्नाला चार महिने झाले होते. रविवारी विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमची लेक अगदी गरीब आहे हो!"

झालं! काकांच्या डोक्यात भुंगा शिरला.

"टोमणा आहे हा. आपली ऐपत काढली त्यांनी."

"अहो, गरीब म्हणजे सालस. कौतुक करताहेत," बायको म्हणाली.

"सालस? आपली लेक? ती बोलायला लागली की मला जांभई द्यायलाही सवड मिळायची नाही!"



त्या आठवड्यात काकांच्या टेबलावर नेमकी ‘ग’ची पानं होती. बुधवारी ‘गरीब’ आला. निर्धन; बरोबर. सालस, बरोबर. पण खाली संपादकांनी मूळ दिलं होतं: अरबी, परका, घरापासून दूर आलेला. मावळतीच्या दिशेचं अरबी नावही याच धातूतलं. हा अर्थ मराठीत येईतो वाटेतच कुठेतरी गळून गेला होता. काकांनी सवयीप्रमाणे दुसरा कोश उघडला. तोही तेच सांगत होता. पहिल्या दोन अर्थांशी भांडता आलं असतं; या तिसऱ्याशी मात्र भांडता येईना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते न कळवता लेकीकडे गेले.

जावई कामावर होता. घर नीटनेटकं, विहीणबाई हसतमुख. काकांना त्या हसण्याचाही संशय आला. लेक खुर्चीच्या कडेला टेकली होती.

"पंखा लाव गं जरा," ते म्हणाले, तर तिनं आधी सासूकडे पाहिलं.

मग ते खोली बघायच्या निमित्तानं आत गेले. कोपऱ्यात लग्नातली बॅग होती, आणि तिच्यात लेकीचे सगळे कपडे घड्या करून ठेवलेले.

"तुझं कपाट कुठाय?"

"कुणी दाखवलं नाही अजून, बाबा."

"अगं, मग मागायचं नाही का!" विहीणबाई दारातून म्हणाल्या. त्या खरंच चकित झाल्या होत्या.

लेक खाली बघत म्हणाली, "परक्या घरात कपाट कसं मागायचं?"

जन्मात प्रथमच शंकासुराला आपली शंका खोटी ठरायला हवी होती. ‘बॅग भर, चल घरी,’ असं ते म्हणणार होते. पण बॅग चार महिने भरलेलीच होती.